तूप सोडूनही पाल्मिटिक आम्ल वाढलेले का?

आपण सांगलीहून लिहिता की वडिलांनी दीड वर्षापूर्वी तूप पूर्णपणे सोडले, तरी फॅटी ॲसिड प्रोफाइलमध्ये (रक्तातील मेदाम्लांच्या तपासणीत) पाल्मिटिक आम्ल हे संतृप्त मेदाम्ल मर्यादेबाहेर निघाले, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) २४० आहेत आणि ओमेगा-३ इंडेक्स ३.६ टक्के आला. मग पथ्य वाया गेले का, असा आपला प्रश्न आहे.

पाल्मिटिकच्या आकड्यावरून तुपाचा हिशेब लावता येत नाही. हे आम्ल आहारातून येते तसेच यकृतही ते तयार करते. साखर, मैदा किंवा मद्य गरजेपेक्षा जास्त झाले की त्यांची चरबी बनते आणि तीत मुख्यतः पाल्मिटिकच असते. अहवालात पाल्मिटिकपासून बनणारे पाल्मिटोलेइक आम्लही वाढलेले दिसत असेल, तर वाढलेल्या ट्रायग्लिसराइडसह पाहता संशय यकृताच्या या कारभारावरच जास्त जातो. वडील दिवसातून पाच वेळा गुळाचा चहा घेतात, हे आपण ओघात लिहून गेलात. माझ्या मते मुद्दा तिथेच आहे, कारण गुळातही मुख्य घटक सुक्रोजच असतो.

याउलट तेलांतील लिनोलेइक आम्ल शरीराला बनवता येत नाही, त्यामुळे त्याचे रक्तातील प्रमाण आहाराशी बऱ्यापैकी जुळते. करडईच्या तेलात ते भरपूर, शेंगदाणा तेलात मध्यम असते. १३ देशांतील ३० अभ्यासांच्या २०१९ मधील एकत्रित विश्लेषणात ज्यांच्या रक्तात ते जास्त होते त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार एकूण कमी आढळले. पंधरा कार्बनांचे पेंटाडेकॅनोइक आम्ल मुख्यतः दुधाच्या स्निग्धांशातून येते. युरोपातील ८ देशांच्या २०१४ मधील अभ्यासात ते जास्त असणाऱ्यांमध्ये मधुमेह कमी, तर पाल्मिटिक जास्त असणाऱ्यांमध्ये मधुमेह जास्त दिसला. हा केवळ संबंध आहे. त्यावरून कोणी साय खाण्याचा सल्ला देऊ लागला, तर तो घाईचा ठरेल.

ओमेगा-३ इंडेक्स म्हणजे तांबड्या पेशींच्या आवरणातील ईपीए व डीएचए या मासळीत आढळणाऱ्या दोन ओमेगा-३ मेदाम्लांचा एकत्रित टक्का. हॅरिस आणि फॉन शाकी यांनी २००४ मध्ये तो मांडला. ८ च्या वर इष्ट, ४ च्या खाली धोक्याचा. आपल्याकडची जवसाची चटणी इथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण जवसातील अल्फा-लिनोलेनिक आम्लाचे ईपीएत थोडेच आणि डीएचएत त्याहून कमी रूपांतर होते. चटणी अवश्य खावी, परंतु इंडेक्स वाढवायचा तर बांगडा किंवा तारली हवी. शाकाहारी असल्यास शेवाळापासून काढलेल्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, विशेषतः रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून ही तपासणी चार महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात अर्थ नाही. पुढच्या वेळी प्रयोगशाळा तीच ठेवा आणि नमुना प्लाझ्माचा (रक्तातील द्रव भागाचा) होता की पेशींचा, हे अहवालावर पाहा. दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. शिवाय हे आकडे टक्केवारीत असल्याने एक आम्ल वाढले की दुसरे आपोआप घटलेले दिसते. तोवर एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी रक्तशर्करेची तपासणी) करून घ्या, पोटाचा घेर मोजा आणि यकृताच्या सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचारा. या तपासण्यांची फी त्या प्रोफाइलपेक्षा सत्कारणी लागेल.