आधी रबर, मग रुबाब

वेगवान इलेक्ट्रिक गाड्या आपल्याकडे येऊन आता दोन-तीन वर्षं झाली. त्यांच्या टायरांचा पहिला संच संपत आलाय, म्हणून यावेळची बहुतेक पत्रं टायरांचीच आहेत. काही पत्रं ब्रेक, रिम आणि ताकद वाढवण्याबद्दलही आली आहेत.

माझी बीवायडी सील परफॉर्मन्स २२ हजार किलोमीटर चालली आणि मागचे टायर जवळजवळ गोटा झालेत. टायरवाला त्याच मापाचे, बरेच स्वस्त टायर देतोय. माप तेच असेल तर हरकत काय? (पुणे)

हरकत आहे, आणि ती मापाच्या पुढच्या दोन आकड्यांत आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत टायरवर २३५/४५ आर १९ असं लिहिलंय आणि त्यापुढे ९९. दुकानातल्या टायरच्या फोटोत माप तेच आहे, पण पुढे ९५ लिहिलंय. हा आकडा म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा अंक. ९९ म्हणजे एका टायरला ७७५ किलो, ९५ म्हणजे ६९० किलो. तुमची गाडी रिकामी असतानाच २,१८५ किलोची. पाच माणसं आणि सामान धरलं की २,६०० किलोच्या घरात जाते. चार टायरांत भागलं तर ६५० येतात, म्हणजे ९५ सुद्धा पुरतो असं वाटेल. पण चारही चाकांवर वजन कधीच सारखं नसतं. जोरात ब्रेक दाबला की ते पुढच्या दोन चाकांवर येतं, आणि वळणावर बाहेरच्या बाजूला. तिथे ४० किलोची फट काहीच नाही. शिवाय ९९ चा टायर एक्सएल, म्हणजे जास्त हवेचा दाब सहन करून जास्त वजन उचलणारा असतो. दाराच्या चौकटीवरचं हवेचं स्टिकर अशाच टायरसाठी छापलेलं आहे. गाडीला मुळात जो अंक दिलाय त्याच्या खाली उतरायचं नाही. टायर कोणत्याही कंपनीचा असो, मी यात तडजोड करत नाही.

मागचे टायर आधी का गेले, हेही सांगतो. तुमच्या गाडीत मागची मोटर २३० किलोवॅटची आहे आणि पुढची १६०. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाला जोर पकडायला वेळ लागतो. इथे पाय ठेवल्याक्षणी दोन्ही मोटरांचा मिळून ६७० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, चाकांकडे जातो. पाय उचलला की मोटर उलटी ओढते. म्हणजे सिग्नल सुटताना रबर घासतं आणि पुढच्या सिग्नलला थांबतानाही. चारही टायर एकाच मापाचे आहेत, तेव्हा दर आठ हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करून घ्या. हे आधीपासून केलं असतंत तर चारही टायर एकदमच बदलायला आले असते.

आता कोणता घ्यायचा? मूळ टायर रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, वाढवण्याच्या दृष्टीने निवडलेला असतो. त्यापेक्षा जास्त पकडीचा घेतलात तर रेंज थोडी कमी होईल आणि रस्त्याचा आवाज बदलेल. पुण्यात राहून तुम्ही पावसाळ्यात ताम्हिणी, वरंध घाट करणार असाल तर मी रेंज सोडेन आणि ओल्या रस्त्यावरची पकड घेईन. मनातला टायर दुकानात मिळत नाही म्हणून दुकानदाराला दोष देऊ नका. जून २०२० पासून टायरांच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे काही मापं तुटवड्यातच असतात. मिळाला तर कडेच्या लंबगोलातले शेवटचे चार आकडे वाचा. ४१२४ म्हणजे २०२४ चा ४१वा आठवडा. दोन वर्षांपेक्षा जुना माल नव्या भावात घेऊ नका.

शनिवारी पाचगणीच्या हॉटेलात किआ ईव्ही ६ रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी १०० टक्के. पसरणी घाट उतरताना गाडी नेहमीसारखी थांबेना, ब्रेक बराच जोरात दाबावा लागला आणि खाली वाईत करपल्याचा वास आला. मोठ्या डिस्कचे ब्रेक बसवून घेऊ का? (सातारा)

नका बसवू. तुमचे ब्रेक चांगले आहेत, फक्त त्या सकाळी त्यांच्यावर एरवी नसणारं काम पडलं.

हिशेब मांडून बघू. पाचगणी समुद्रसपाटीपासून १,२९३ मीटरवर आहे, वाई ७१८ मीटरच्या आसपास. उतार धरा ५७५ मीटर. माणसांसकट गाडी २,४०० किलोची मानली तर एवढ्या उतारात पावणेचार युनिटं ऊर्जा सुटते. त्यातली काही वाऱ्यात आणि टायरांच्या घर्षणात जाते. उरलेली दोन-अडीच युनिटं एरवी मोटर गोळा करते आणि बॅटरीत परत टाकते. ब्रेकचे पॅड जवळजवळ वापरलेच जात नाहीत. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती ऊर्जा ठेवायला जागाच नसते. मग गाडी मोटरची ओढ कमी करते आणि सगळा भार पॅडवर येतो. तुमच्या पायाला इतके महिने मोटरची सवय झालेली, म्हणून गाडी थांबेना असं वाटलं. करपल्याचा वास पॅडचा.

उपाय फुकट आहे. डोंगरावर चार्ज करताना मर्यादा ९० टक्क्यांवर ठेवा. ७७.४ युनिटांच्या बॅटरीत दहा टक्के मोकळे म्हणजे साडेसात युनिटांहून जास्त जागा. पसरणी काय, त्याच्या दुप्पट उतार त्यात मावेल.

ब्रेकवर खर्च करायचाच असेल तर ब्रेक ऑइलवर करा. दोन वर्षांनी ते बदलायला हवं, कारण ते हवेतलं पाणी ओढतं आणि ऐन उतारावर उकळतं. आणखी एक सवय लावून घ्या. इलेक्ट्रिक गाडीत पॅड कमी वापरले जात असल्यामुळे पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो. कोकणातून परत आलात की मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, मोटरची ओढ कमी करून चार-पाच वेळा पायाने नीट ब्रेक लावा. डिस्क घासून साफ होते. त्या वेळी दोन-तीनदा खरखर ऐकू येईल आणि मग थांबेल. थांबली नाही तर चाक काढून बघायला लावा.

महिंद्रा बीई ६ ला १९ इंची चाकं आहेत. २० इंची किती छान दिसतात! बदलू का? (ठाणे)

२४५/५५ आर १९ चा बाहेरचा व्यास ७५२ मिलिमीटर आणि २४५/५० आर २० चा ७५३. म्हणजे स्पीडोमीटर फसणार नाही, चाक बसेलही. पण रिम आणि रस्ता यांच्यामधला रबराचा भाग १३५ मिलिमीटरवरून साधारण १२३ वर येतो. घोडबंदर रोडवर जुलैत पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आपटलं तर हे १२ मिलिमीटर रिम आणि टायर दोन्ही वाचवतात. मी नाही बदलणार. हौस असेलच तर १९ इंचाचीच फोर्ज्ड (दाबून घडवलेली), वजनाला हलकी रिम घ्या. स्टिअरिंग हलकं झाल्याचं पहिल्याच दिवशी कळेल. फक्त रिम किती वजन पेलते ते तिच्यावर कोरलेलं बघून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

गाडीची ताकद वाढवणारा डबा किंवा चिप इलेक्ट्रिकला मिळते का? (पणजी)

कंपन्या स्वतः देतात अशी उदाहरणं आहेत. पोलस्टार २ आणि टेस्लाच्या काही गाड्यांना पैसे भरून सॉफ्टवेअरने जोर वाढवून मिळतो. ते त्यांच्या बॅटरीची आणि इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या भागाची) मर्यादा ओळखून केलेलं असतं. बाहेरच्या माणसाला ती मर्यादा माहीत नसते, आणि काही बिघडलं तर बॅटरीची वॉरंटी हातची जाते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. मूळ रचनेत बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. तुमच्या गाडीत जोर भरपूर आहे. तो रस्त्यावर उतरवणारं रबर घ्या.

समृद्धीवर टायर फुटतात म्हणून नायट्रोजन भरून घेतला. आता काळजी नको ना? (नागपूर)

काळजी हवीच. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि तापल्यावर दोन्हींचा दाब सारखाच वाढतो: दर १० अंशांमागे साधारण पावणेदोन पीएसआय. टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळे. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते आणि तापते. ७०१ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा रस्ता, १२० चा वेग, मे महिन्याचं ऊन आणि अडीच टनांची गाडी, अशात ती उष्णता बाहेर पडायला उसंतच मिळत नाही.

निघायच्या दिवशी पहाटे, गाडी हलायच्या आधी, घरच्या गेजने हवा बघा आणि भरलेल्या गाडीसाठी दाराच्या स्टिकरवर जितकी लिहिलीय तितकी ठेवा. शंभर किलोमीटरनंतर स्क्रीनवर चार-पाच पीएसआय जास्त दिसतील. ते तसंच असायला हवं, घाबरून हवा सोडू नका. हवा सोडलेली गाडी रात्री थंड झाली की सकाळी चारही टायर कमी हवेवर असतात आणि तुम्ही तसेच परतीला निघता. खाचांच्या तळाशी आडव्या उंचवट्याच्या खुणा असतात, १.६ मिलिमीटरच्या. नक्षी तिथवर झिजली की टायर बदलणं कायद्यानेच भाग आहे. पावसाच्या तोंडावर मी तीन मिलिमीटरलाच बदलतो. त्याहून कमी नक्षीला साचलेलं पाणी बाहेर फेकता येत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते.

न्यू जर्सीत मुलाने २०२४ ची टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्स घेतलीय. थंडीसाठी वेगळे टायर लागतातच का? तो म्हणतो, चारही चाकांना मोटर आहे, पुरे. (एडिसन)

मोटर गाडी पुढे ढकलते, थांबवायचं काम टायरच करतात. त्या गाडीला पुढे २३५/३५ आणि मागे २७५/३० असे २० इंची उन्हाळी टायर येतात. ७ अंशांच्या खाली ते रबर कडक होत जातं. कडाक्याच्या थंडीत गाडी चालवली तर नक्षीला तडे जाऊ शकतात, असा इशारा टायर बनवणारेच देतात. थंडीचा वेगळा संच घ्या, शक्यतो लहान रिमवर. ती रिम त्या वर्षाच्या ब्रेकवर बसते ना, हे आधी विचारा. टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी खूण हवी. नुसतं एम अधिक एस (चिखल-बर्फाची साधी खूण) पुरत नाही. काढलेले उन्हाळी टायर गॅरेजच्या गारठ्यात न ठेवता तळघरात ठेवा. पुढचे-मागचे वेगळ्या मापाचे असल्याने ते आलटून-पालटून लावता येणार नाहीत, मागचे लवकर जातील. त्याचे पैसे बाजूला ठेवायला मुलाला आत्ताच सांगा.

टायरच्या आत स्पंज निघाला! पंक्चरवाला म्हणतो, फाडून टाकू. (नाशिक)

सगळा नको. तो पॉलियुरेथेनचा फोम आहे. टायरच्या पोकळीत हवा घुमून साधारण २०० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला आवाज येतो, तो हा फोम शोषतो. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे इलेक्ट्रिक गाडीत तो जास्त जाणवतो. पंक्चरच्या जागेपुरता फोम कापायचा, आतला भाग घासून साफ करायचा आणि आतून मशरूम पॅच (देठासकटचं रबरी ठिगळ) लावायचा. बाहेरून दोरी खुपसणं हे घरी पोहोचण्यापुरतं. डब्यातलं पंक्चरचं द्रावण अगदीच अडल्याशिवाय ओतू नका, फोम ते पिऊन घेतो आणि चाकाचं बॅलन्सिंग कायमचं बिघडतं.

जॅक लावताना मात्र स्वतः शेजारी उभे राहा. माझ्या गाडीखाली एका दुकानात पोराने सवयीने जॅक आत सरकवला होता, थेट बॅटरीच्या पत्र्याखाली. मी ओरडलो तेव्हा पत्रा बोटभर दबला होता. बॅटरी वाचली, पण तो पत्रा बदलावा लागला. गाडीच्या पुस्तिकेत जॅकच्या चार जागांचं चित्र असतं. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि चाकाला पाना लागण्याआधी दुकानदाराला दाखवा.