हातवारे करून वाजवायच्या डिजिटल वाद्यात मधेच बिघाड झाला तर वाजवणाऱ्यावर काय परिणाम होतो?

लय होते राजेहो, आणि प्रोग्राम संपल्यावर जास्त होते.

मी भंडाऱ्याकडचा. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेच्या सीझनमध्ये ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो, त्याच्या बाजूले एक इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याले न दिसणारा उजेड पाहणाऱ्या कॅमेऱ्याची डबी ठेवतो, तिच्यावर हात वर-खाली केला की लॅपटॉपमधून बासरीचा सूर चढते-उतरते. घरी रात्री एकदम मस्त चालायचं. स्टेजवर मंडपवाल्यानं समोरून दोन हॅलोजन मारले अन् खेळ खल्लास, कारण हॅलोजनमधून उजेडापेक्षा इन्फ्रारेडच जास्त निघते, कॅमेऱ्याचे डोळे दिपले, माझा हात त्याले दिसेचना. आता मिडीमध्ये, म्हणजे डिजिटल वाद्यं एकमेकांशी बोलतात त्या भाषेत, सूर चालू करायचा मेसेज वेगळा आणि बंद करायचा वेगळा, माझा बंदचा गेलाच नाही, मग तो पंचम भोंग्यासारखा पीऽऽ वाजत राहिला आणि मी वेड्यासारखा हात झटकत होतो. पब्लिकनं त्यावरच शिट्ट्या मारल्या, त्यांना वाटलं ॲक्शनच आहे!

तबल्याची पुडी फाटली तर शेवटच्या रांगेतल्या पोट्ट्यालेही समजते की वाद्य गेलं. इथं कोणालेच कळत नाही, आणि खरं सांगू का, मलेही कळलं नव्हतं की मशीन चुकलं का माझा हात. पुढचे दोन-तीन प्रोग्राम मी मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेणंच सोडलं, हात छोटा-छोटा अन् हळू फिरवायचो, नजर पब्लिककडे नाही तर लॅपटॉपवर. भजनी मंडळातल्या काकांनी विचारलं, "काहून रे, हात आखडला का?"

आवाज उशिरा येण्याचंही तसंच. हात हलल्यापासून आवाज यायले १० मिलिसेकंदाच्या आत पाहिजे म्हणतात, पण थोडा जास्त उशीर असला आणि तो कायम तेवढाच असला तर हात जुळवून घेते, कधी १० कधी ४० झालं की ठेक्याची वाट लागते. थेरेमिन नावाचं विजेवरचं वाद्य तर १९२० च्या सुमाराचं, त्यालेही हात न लावता हवेतच हात फिरवून वाजवतात, तिथं बाजूले कोणी येऊन उभं राहिलं तरी सूर हलते, म्हणजे दुखणं जुनंच.

आता पायाखाली एक पेडल ठेवलं, दाबलं की सगळे सूर बंद, त्यानं अर्धी भीती गेली. साउंडचेक शोचे लाइट लावूनच करतो आणि मंडपवाल्याले आधीच सांगतो, समोर एलईडी लाव, हॅलोजन मागं ने. तो म्हणते, "भाऊ, तुमचं वाद्य उजेडाले भेते का?"

हाव बाप्पा, भेते.