बॅटलेथ: ‘ती’ की ‘ते’, आणि ‘मानाची तलवार’ का नको

प्रश्न असा: ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा-मालिकांमधल्या क्लिंगॉन या परग्रहवासी लोकांच्या त्या दुहाती, चंद्रकोरीसारख्या शस्त्राचं नाव मराठीत कसं लिहावं, त्याचं लिंग कोणतं धरावं, आणि ‘मानाची तलवार’ हे भाषांतर चालेल का?

लेखनापासून सुरुवात करू. इंग्रजीत ‘बॅट’ आणि ‘लेथ’ यांच्यामध्ये अपॉस्ट्रॉफी असते, ती निव्वळ शोभेची. क्लिंगॉन भाषा मार्क ओक्रांड यांनी रचली आणि त्यांचा कोश १९८५ साली आला. त्यांच्या लेखनात अपॉस्ट्रॉफी हे पुरतं व्यंजन आहे: घशात श्वास क्षणभर अडवायचा आणि सोडायचा. क्लिंगॉनांच्या ग्रहाच्या नावात हे व्यंजन आहे, या शस्त्राच्या नावात नाही. त्यामुळे देवनागरीत मध्ये काहीही न घालता सरळ ‘बॅटलेथ’ लिहावं.

मूळ क्लिंगॉन उच्चार मात्र ‘बेट्-लेख’च्या जवळचा आहे. शेवटचा वर्ण घशातून घासत येतो. आपला ‘ह’ त्याला पुरत नाही आणि ‘थ’चा तर संबंधच नाही. ‘खबर’, ‘खून’ या शब्दांतला मूळ फारसी वर्ण असाच घासत येणारा होता आणि मराठीनं तो ‘ख’नं लिहिला, म्हणून इथंही ‘ख’ योग्य. पात्र क्लिंगॉन भाषेत बोलत असेल तर ‘बेटलेख’, एरवी रुळलेलं ‘बॅटलेथ’. एकाच मजकुरात दोन्हींची सरमिसळ झाली की वाचकाला ही दोन वेगळी शस्त्रं वाटतात.

जाता जाता: क्लिंगॉनमधला ‘ड’ मूर्धन्य आहे, अगदी आपल्या ‘ड’सारखा, आणि तिथला ‘स’ खरं तर ‘ष’ आहे. इंग्रजी भाषकांना हे दोन्ही वर्ण घोटावे लागतात. आपल्याकडे ते वर्णमालेतच आहेत. क्लिंगॉन शब्द ‘ङ’नं सुरूही होऊ शकतो. ‘वाङ्मय’ सोडलं तर आपल्याला फारसा न भेटणारा ‘ङ’ तिथं रोजच्या कामाला जुंपलेला आहे.

आता लिंग. परका शब्द मराठीत आला की जवळच्या मराठी शब्दाचं लिंग घेतो, हा ढोबळ नियम. इथं डोळ्यासमोर तलवार येते, म्हणून ‘ती बॅटलेथ’. ‘ते’ म्हणणारे मनात ‘शस्त्र’ धरतात. तेही चूक नाही, पण वाक्यात ‘ती’ जास्त सहज बसते. सामान्यरूपाला मात्र जपावं. ‘तलवारीने’ होतं म्हणून ‘बॅटलेथीने’ करू नये. ‘फाइल’ इतकी घरची झाली की तिचं ‘फायलीत’ झालं. ‘कार’ अजून ‘कारने’च आहे. बॅटलेथ तर कालची पाहुणी. ‘बॅटलेथने’, ‘बॅटलेथचं पातं’, ‘दोन बॅटलेथ’ एवढं पुरे.

‘मानाची तलवार’ला माझा विरोध आहे. व्युत्पत्ती सांगतात ती अशी: जुना जोडशब्द ‘बाट्ल एट्ल’ झिजून हे नाव झालं. ‘एट्ल’ म्हणजे तलवार. ‘बाट्ल’ ऐकून बाटली आठवेल, पण अर्थ आहे प्रतिष्ठा, तीही एका खास छटेची. क्लिंगॉनमध्ये याला दोन शब्द आहेत. ‘कुव’ म्हणजे माणसाची वैयक्तिक पत, मानमरातब. ‘बाट्ल’ त्याहून व्यापक: ज्या मूल्यासाठी जगायचं आणि मरायचं ते. मराठीत याच्या जवळ जाणारा शब्द ‘ब्रीद’. ‘मानाची’ म्हटलं की आपल्याला मानाची गदा, मानाचा नारळ आठवतो, म्हणजे कुणीतरी समारंभात हाती दिलेली वस्तू. कथेत तर उलटंच आहे. क्लिंगॉनांचा दंतकथेतला वीर काहलेस यानं आपल्या केसांची बट क्रिस्टाक ज्वालामुखीच्या लाव्ह्यात टाकली, ती जळती बट लुसोर सरोवरात बुडवली, पीळ देऊन तिचं पातं केलं आणि त्यानं जुलमी मोलोरला मारलं. ही त्याला कुणी बहाल केलेली नव्हती. तेव्हा नाव ‘बॅटलेथ’च ठेवावं आणि पहिल्या उल्लेखाला ‘क्लिंगॉनांची ब्रीदाची तलवार’ अशी ओळख जोडावी.

खरी गफलत क्रियापदांत होते. डॅन करी यांनी घडवलेलं हे शस्त्र १९९० साली ‘द नेक्स्ट जनरेशन’ मालिकेच्या ‘रीयूनियन’ या भागात पहिल्यांदा दिसलं. साधारण ११६ सेंटिमीटर लांबी, ५.३ किलो वजन, चार टोकं, आणि मुठी पात्याच्या पाठीवर. आता ‘त्यानं बॅटलेथ उपसली’ हे वाक्य पाहा. उपसायला म्यान लागतं, आणि चार टोकांची कोर म्यानात जाणार कशी? ‘मुठीपर्यंत खुपसली’ही तसंच. मूठ पात्याच्या टोकाला असेल तरच ते शक्य, इथं ती पाठीला आहे. ‘पेलली’, ‘सरसावली’, ‘फिरवली’ ही क्रियापदं बसतात. वार अडवताना ‘आडवी धरली’. ‘उपसला’ राखून ठेवायचं असेल तर डकटागसाठी ठेवा. तो बाजूची पाती उघडणारा सुरा आहे, आणि सुरा म्हणून पुल्लिंगी.