मलेरिया आणि लासा ताप लक्षणांवरून कसे वेगळे ओळखायचे?

तुमचा भाऊ नायजेरियात एदो राज्यात नोकरीला गेलाय आणि ताप आला तर मलेरिया की लासा (तिकडचा विषाणूमुळे होणारा ताप) हे घरच्या घरी कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. पहिले चार-पाच दिवस ओळखता येत नाही. डॉक्टरला नाही, तर तुम्हा-आम्हाला कुठून? ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं, मळमळ, सगळं दोन्हीकडे सारखंच.

मी त्याच राज्यात, बेनिन सिटीत, साडेचार वर्षं काढली. प्लास्टिकच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो. तिथे मलेरिया म्हणजे आपल्याकडची सर्दी. आमचा ड्रायव्हर संडे (हे तिथलं सर्रास नाव) फेब्रुवारीत आजारी पडला तेव्हा म्हणाला, "ओगा, ना मलेरिया." ओगा म्हणजे साहेब, आणि 'ना मलेरिया' म्हणजे मलेरियाच आहे. केमिस्टकडून कोआर्टेम (मलेरियाच्या गोळ्या) आणलं, चार-चार गोळ्या दिवसातून दोनदा, तीन दिवसांत २४ गोळ्या संपल्या. ताप जिथल्या तिथे. मग एका क्लिनिकमध्ये बोट टोचून टेस्ट केली, मलेरिया पॉझिटिव्ह. पुन्हा तोच कोर्स, वर टायफॉईडचं औषध, कारण तिथे 'मलेरिया-टायफॉईड' ही जोडगोळीच आहे.

त्या रात्री मी मेव्हण्याला फोन लावला. तो एमडी आहे, सांगलीकडे दवाखाना आहे. म्हणाला, "दाजी, टेस्ट पॉझिटिव्ह आहे ना? मग मलेरियाच. तुम्ही मशिनं बघा, पेशंट आम्ही बघतो."

दुसऱ्या दिवशी संडेच्या खोलीवर गेलो. त्याला पाणी दिलं, तर घोट तोंडात तसाच धरून बसला आणि शेवटी वाटीत थुंकला. घशातून उतरतच नव्हता. छातीच्या मधोमध मूठ दाबून धरलेली. चेहरा असा सुजलेला की दाढ काढून आलाय असं वाटावं. कोपऱ्यात गारीचं पोतं होतं (गारी म्हणजे कसावा किसून, आंबवून, भाजून केलेला रवा). तोंड नायलॉनच्या दोरीने घट्ट बांधलेलं आणि खालचा कोपरा कुरतडलेला. लासाचा विषाणू तिथल्या एका जातीच्या घरात वावरणाऱ्या उंदराच्या लघवी-लेंड्यांतून अन्नात जातो, हे कारखान्याच्या फाटकावरच्या पोस्टरवर मी रोज वाचत होतो. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

त्याला गाडीत घालून इरुआच्या सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे लासाची पीसीआर (रक्तात विषाणूच शोधायची) तपासणी होते, वेगळा वॉर्ड आहे. तपासणी लासा पॉझिटिव्ह. रिबाविरिन हे विषाणूवरचं औषध सुरू झालं. मी स्वतः नेलं हा मूर्खपणा होता, तुम्ही करू नका. आजारी माणसाच्या रक्त-लघवी-उलटीतून हा पसरतो, आधी फोन करून विचारायचं असतं. पुढचे २१ दिवस मी सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावत बसलो. बायकोला हे अजून माहीत नाही.

मेव्हण्याचं म्हणणं आजही तेच, की माझा तुक्का लागला. दर दिवाळीला हा विषय निघतोच. म्हणे, लासा झालेल्या सुमारे ८० टक्के लोकांना काही विशेष होतच नाही, आपोआप बरा झाला असता. आकडा बरोबर आहे. पण रुग्णालयात भरती करावं लागतं त्यांच्यातले साधारण १५ टक्के दगावतात, हे तो सांगत नाही. आणि मलेरियाच्या पॉझिटिव्ह टेस्टने लासा कटाप होत नाही, हा माझा मूळ मुद्दा. तिथल्या कित्येक मोठ्या माणसांच्या रक्तात आजारी नसतानाही मलेरियाचे जंतू असतात, आणि ती बोट टोचायची टेस्ट औषध घेतल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. एमडीला हे मेंटेनन्सवाल्याने सांगायचं? लासा हे बोर्नो राज्यातलं गाव, १९६९ मध्ये तिथल्या मिशनच्या परिचारिकांना झालेल्या तापाला ते नाव पडलं. मेव्हण्याला आधी तिबेटचं ल्हासा वाटलं होतं, तेवढं सांगून ठेवतो.

तर भावाला सांगा: मलेरियाचं औषध नीट घेऊन तीन दिवसांत ताप उतरला नाही, घसा दुखून गिळता येईना, छातीत मधोमध दुखतंय, चेहरा सुजतोय, हिरड्यांतून रक्त येतंय, तर 'लासाची टेस्ट करा' असं तोंडाने म्हणायचं. डिसेंबर ते एप्रिल जास्तच सावध. धान्य-पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात.

हुडहुडी भरून ताप, मग दरदरून घाम, हे मलेरियाकडे बोट दाखवतं, लासा हळूहळू चढतो. पण तिथला फाल्सिपेरम, म्हणजे जास्त घातक जातीचा मलेरिया, असं वेळापत्रक पाळत नाही, त्यामुळे यावर विसंबू नका. आणि हो, मी डॉक्टर नाही. ताप आला की पहिल्याच दिवशी मलेरियाची टेस्ट करायचीच. आपल्याकडून नवीन गेलेल्याला तो मलेरिया चार दिवसांत संपवू शकतो, आणि तिथे दहातले बहुतेक ताप लासाचे नसतातच.

संडे वाचला. उजवा कान मात्र गेला, लासात असं बऱ्याच जणांचं होतं. तिथे स्टीअरिंग डावीकडे, म्हणजे मी शेजारी बसून बोललेलं त्याला ऐकूच येईना. म्हणून शेवटचं वर्षभर मी त्याच्या मागच्या सीटवर बसून त्याच्या डाव्या कानाशी बोलायचो. एकदा व्हिडिओ कॉलवर मला असं मागे बसलेलं बघून मेव्हणा म्हणाला, "दाजी, एकदम साहेब झालात की."