पौष्टिक मक्याचं वाण लहान शेतकरी सहज का स्वीकारत नाहीत?

कारण पोषण डोळ्यांना दिसत नाही, उतारा दिसतो. १९६४ साली 'ओपेक-२' या जनुकामुळे मक्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही शरीराला अन्नातूनच मिळवावी लागणारी प्रथिनांची घटकद्रव्यं वाढतात हे कळलं, पण ते दाणे मऊ भरायचे, उत्पादन कमी यायचं आणि साठवणीत कीड लवकर लागायची. असा मका कोण पेरणार? पुढे सुरिंदर वासल आणि इव्हांजेलिना व्हिएगास या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोत टणक दाण्याचा 'दर्जेदार प्रथिनांचा मका' तयार केला. त्यासाठी त्यांना २००० सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

तरी अडचण उरतेच. हा गुण अप्रभावी जनुकावर चालतो, म्हणजे शेजारच्या साध्या मक्याचे परागकण आले की त्या दाण्यात तो उतरत नाही. एक एकरवाल्याने अंतर राखायचं तरी कुठे? वर दाणा दिसायला साध्यासारखाच, त्यामुळे व्यापारी जादा भाव देत नाही.

बाकी बियाणं वेळेवर मिळणं, घरच्यांना चव पटणं हे आहेच. माझ्या मते मात्र वाण बदलण्यात सगळ्यात जास्त वजन शेजाऱ्याच्या शेतात उभं पीक डोळ्यांनी पाहण्याला. माहितीपत्रकं वाचून फारसं कुणी वाण बदलत नाही.