वचनाला त्याच्या घरी जाऊन भेट

प्रिय पोरी,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज काल रात्री वाचला, आणि सकाळी चहा झाल्याबरोबर लिहायला बसले. एक जानेवारीला बायबल पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, वाचायला सुरुवात केलीस. निर्गमातल्या निवासमंडपाची मापं कशीबशी पार केलीस. तिसऱ्या पुस्तकात, लेवीयच्या अकराव्या अध्यायात, कोणता प्राणी खावा नि कोणता खाऊ नये ह्या यादीपाशी, पुस्तक मिटलंस. आता टेबलावर बायबल दिसलं की चोरट्यासारखं होतं, असं लिहिलं आहेस. ते आधी मनातून काढून टाक. शब्बाथशाळेत शिकवायला लागल्यापासून दर फेब्रुवारीत कोणी ना कोणी माझ्याकडे हीच तक्रार घेऊन येतं. तुझ्या चिकाटीत काही खोट नाही. तुला दार कुठून उघडायचं ते कोणी सांगितलं नाही, एवढंच.

बायबल हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थच ‘पुस्तकं’ असा अनेकवचनी आहे. आपल्या प्रतीत ती ६६ आहेत. तुझी वसईची मैत्रीण कॅथलिक, म्हणून तिच्या प्रतीत ७३ आहेत. तिचं बायबल जाड का, असं तू विचारलं होतंस ना, ते ह्यामुळे. त्यात कायदे आहेत, वंशावळ्या आहेत, लढाया आहेत, गाणी आहेत, आणि पुष्कळशी पत्रं आहेत. ग्रंथालयात गेल्यावर आपण पहिल्या कपाटाच्या पहिल्या खणापासून वाचत सुटत नाही. इथंही तसं करू नकोस.

मार्कपासून सुरू कर. येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत ते सगळ्यांत लहान, सोळाच अध्याय. एखाद्या रविवारी दुपारी फोन दूर ठेव आणि एका बैठकीत सगळं वाचून काढ. दीडएक तास लागेल. पहिल्या वाचनात काही अधोरेखित करू नकोस, कुठं अडलं तर थांबूही नकोस. मार्क फार घाईत सांगतो, ‘लगेच’, ‘तेव्हाच’ करत पुढं पळतो, आणि ती घाई कानाला लागली पाहिजे. शक्य असेल तर मोठ्यानं वाच. हे लिखाण आधी ऐकण्यासाठीच होतं. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांत एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे.

मग दुसऱ्या दिवशी फक्त पाचवा अध्याय घे, २१ व्या ओवीपासून, म्हणजे २१ आकडा असलेल्या वचनापासून, शेवटापर्यंत. ह्या तेवीस ओव्यांना एक आठवडा दे.

याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी येशूच्या पाया पडतो. त्याची लेक मरायला टेकली आहे. येशू त्याच्याबरोबर निघतो, आणि वाटेत गर्दीतून एक बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला हात लावते. बारा वर्षं तिचा रक्तस्राव थांबलेला नाही. वैद्यांच्या हातून तिनं पुष्कळ सोसलं, जवळचं सगळं खर्च केलं, आणि गुण येण्याऐवजी दुखणं वाढलं. एवढं सगळं मार्क सांगतो. मत्तयानं आपल्या शुभवर्तमानात हीच गोष्ट सांगताना वैद्यांचा भाग गाळला आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघ.

आता ती मागून का येते? समोरून येऊन का विचारत नाही? याचं उत्तर मार्क देत नाही, कारण त्याच्या ऐकणाऱ्यांना ते ठाऊक होतं. ते उत्तर लेवीय १५ मध्ये आहे. अशा बाईचं अंथरूण अशुद्ध, ती बसेल ती जागा अशुद्ध, त्याला शिवणारा माणूस संध्याकाळपर्यंत अशुद्ध. पोरी, तू अकराव्या अध्यायात थांबलीस. ही बाई तिथून चार अध्यायांवर तुझी वाट बघत होती.

खरं सांगू का, आपल्याकडच्या बायकांना ह्यावर अर्थ उलगडून सांगणारा ग्रंथ लागत नाही. माझ्या आईनं लहानपणी शेजारच्या घरात ‘कावळा शिवला’ म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या सुना पाहिल्या होत्या. त्यांचं वेगळं ताट, वेगळी सतरंजी. त्या चार दिवसांऐवजी बारा वर्षं धर, आणि मग ती बाई गर्दीत शिरते ते वाक्य पुन्हा वाच. ती गर्दीत ज्याला ज्याला घासून गेली असेल तो प्रत्येक जण नियमाप्रमाणे विटाळला. तिनं केवढी जोखीम पत्करली होती! पुढं येशू याईराच्या घरी जातो आणि मेलेल्या मुलीचा हात हातात घेतो. प्रेताला शिवणाऱ्याला सात दिवसांचा विटाळ, हे गणना ह्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे. एकाच अध्यायात दोन स्पर्श, आणि दोन्ही विटाळाचे.

आता एका शब्दाकडे बघ. माझ्या प्रतीत येशू त्या बाईला ‘मुली’ म्हणतो, आणि याईराच्या मुलीलाही ‘मुली’ म्हणतो. मुळातल्या ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत. याईराच्या मुलीला उठवताना जो शब्द आहे तो आपल्या ‘पोरी’सारखा. त्या बाईला जो शब्द आहे तो ‘लेकी’. आणि ३४ व्या ओवीत तो तिला ‘लेकी’ म्हणतो न म्हणतो तोच ३५ व्या ओवीत याईराला निरोप येतो, तुझी लेक गेली. तोच शब्द. एक लेक मिळाली त्या घटकेला दुसरी गेल्याची बातमी. बाईचं दुखणं बारा वर्षांचं, मुलगीही बारा वर्षांची. मार्कनं ह्या दोन गोष्टी एकमेकींत गुंफल्या आहेत त्या उगाच नाहीत. हे मला पन्नाशीनंतर कळलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून दोन भाषांतरं जवळ ठेव. एक बायबल सोसायटीचं जुनं, आपण उपासनेत वाचतो ते, आणि एक सोप्या मराठीतलं. जिथं दोघांचे शब्द वेगळे पडतात तिथं पेन्सिलीनं खूण कर. बहुतेक वेळा तिथं मुळात काहीतरी जड असतं. ग्रीक येत नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. पंडिता रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हटलं होतं. संस्कृतात त्यांचा हात धरणारे थोडे. त्याच रमाबाई पुढं केडगावला निराधार बायकांसाठीच्या मुक्ती मिशनचा सगळा व्याप सांभाळून हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या, कारण साध्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांना शास्त्र आणायचं होतं. १९२२ साली त्या गेल्या, आणि त्यांचं बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. छपाईचं काम मिशनमधल्या बायकांनीच केलं. इतकी मोठी विदुषी त्या वयात अ-आ-ई गिरवायला बसली, हे मला फार बळ देतं.

एक गोष्ट मात्र मी तुला कळकळीनं सांगते. सुटं वचन उचलू नकोस. मी उचललं होतं, आणि त्याचा घाव बरीच वर्षं राहिला.

मी तुझ्याएवढी असताना ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षभरासाठी एक वचन देणारी चिठ्ठी माझ्या नावानं निघाली. यिर्मया २९, ओवी ११. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं ते वचन. वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले. मी ती चिठ्ठी त्यांच्या उशाला टाचणीनं लावली. ऑगस्टमध्ये वडील गेले. चिठ्ठी मी फाडून टाकली, आणि पुढं कितीतरी वर्षं यिर्मयाचं पान उलटलं नाही.

तो अध्याय मी पुढं पूर्ण वाचला तेव्हा कळलं की ते एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजानं यरुशलेमेतून धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं ते धाडलं. आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो की दोन वर्षांत सगळं ठीक होईल. यिर्मया लिहितो, नाही. घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, त्या परक्या शहराचं भलं मागा, कारण परत यायला सत्तर वर्षं लागतील. ११ वी ओवी ह्या १० व्या ओवीनंतर येते. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परत जाणार नव्हते, आणि यिर्मयाला ते माहीत होतं. हिताचा संकल्प त्यांना सांगितला होता तो असा. मला कोणी फसवलं नव्हतं. मी दुसऱ्याला आलेल्या पत्रातली एक ओळ कापून उशाशी लावली होती. पूर्ण पत्र वाचलं असतं तर वडिलांच्या त्या शेवटच्या महिन्यांत मी चमत्काराची वाट बघत बसले नसते, त्यांच्याशी बोलले असते.

म्हणून वचन आवडलं की त्याच्या घरी जाऊन त्याला भेट. हे कोण बोलतंय, कोणाला, आधी काय झालं, हे वहीत दोन ओळींत लिही आणि मगच ते स्वतःसाठी घे. वही साधी शंभर पानी पुरे.

मार्कच्या शेवटी थोडी गडबडशील. काही प्रतींत १६ व्या अध्यायातली ९ व्या ओवीपासूनची ओळ न् ओळ कंसात असते किंवा खाली टीप असते. चौथ्या शतकातल्या दोन फार जुन्या हस्तलिखितांत मार्क ८ व्या ओवीलाच संपतो. बायका कबरेपासून पळतात आणि भीतीनं कोणाला काही सांगत नाहीत. ह्यानं घाबरू नकोस आणि टीप लपवूही नकोस. मला तर तो शेवट फार खरा वाटतो.

मार्क झाला की रूथ वाच, चारच अध्याय. त्यानंतर लेवीय पुन्हा उघड, बघ कसं वाटतं. वाचायला कोणीतरी सोबत घे. वसईची मैत्रीण आहेच; तिची प्रत आणि तुझी शेजारी ठेवा.

सुट्टीत येशील तेव्हा वही घेऊन ये. तोवर एका प्रश्नाचं उत्तर लिहून पाठव. मार्क ५ च्या २९ व्या ओवीत ती बाई बरी झाली होती. याईर बाजूला उभा, त्याची लेक शेवटच्या घटका मोजतेय, एक एक क्षण जातोय. तरी येशू थांबतो, मला कोण शिवलं म्हणून विचारतो, आणि तिला सगळ्यांसमोर बोलायला लावतो. का? माझं उत्तर मी आत्ता सांगत नाही, तुझं आधी येऊ दे.

तुझी,
मावशी