आफ्रिकेतील औषधी वनस्पतींची तपासणी : कोणती एम.एस्सी. निवडावी?

प्रश्न : मी साताऱ्यात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. मुख्य विषय रसायनशास्त्र असून जोडविषय वनस्पतिशास्त्र आहे. माझे मामा घानामध्ये नोकरी करतात. तेथील पारंपरिक औषधांच्या प्रयोगशाळेतील तपासणीबद्दल त्यांनी बरेच वाचायला पाठवले. मला याच क्षेत्रात काम करावेसे वाटते. एम.एस्सी. जैवतंत्रज्ञानात करावी, सेंद्रिय रसायनशास्त्रात की विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात? यात नोकरी नाही, असे बाबांचे म्हणणे आहे.

उत्तर : तुमच्या तीन पर्यायांपैकी विश्लेषणात्मक रसायनशास्त्राला मी पहिली पसंती देईन, सेंद्रिय रसायनशास्त्राला दुसरी. जैवतंत्रज्ञान वाईट आहे असे नाही. मात्र या क्षेत्रातील बहुतेक अडचणी अर्कात नेमके काय आहे आणि किती आहे, या प्रश्नापाशी सुरू होतात.

घानाचेच उदाहरण घेऊ. तेथे माम्पाँग-अकुआपेम या गावी १९७५ मध्ये डॉ. ओकू अम्पोफो यांच्या पुढाकाराने वनस्पती-औषधांची संशोधन संस्था सुरू झाली. हिवतापावर तेथे जिच्या मुळांचा काढा दिला जातो, त्या क्रिप्टोलेपिस सँग्विनोलेंटा या वेलीत क्रिप्टोलेपिन नावाचे अल्कलॉइड (वनस्पतींत आढळणारे नायट्रोजनयुक्त संयुग) असते आणि प्रयोगशाळेत ते हिवतापाच्या परजीवींना मारते. परंतु हाच रेणू डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरून बसतो, त्यामुळे तो माणसाच्या निरोगी पेशींनाही इजा करू शकतो. म्हणून परजीवी मारण्यास लागणारी मात्रा आणि पेशींना अपाय करणारी मात्रा यांत किती अंतर आहे, हे मोजल्याशिवाय पहिल्या निष्कर्षाला औषध म्हणून फारसे मोल नसते.

तपासणीची सुरुवात मात्र त्याहून कितीतरी आधी, वनस्पतीच्या ओळखीपासून होते. बाजारात विकत घेतलेले मूळ नेमक्या कोणत्या जातीचे आहे हे तज्ज्ञाकडून ठरवून घेऊन त्याचा दाबून वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये (अशा नमुन्यांच्या संग्रहालयात) जमा केला नसेल, तर पुढची सारी आकडेमोड निराधार ठरते. तुमचा वनस्पतिशास्त्राचा जोडविषय येथे उपयोगी पडेल. त्यानंतर द्रावकाचा प्रश्न येतो. वैद्य मूळ पाण्यात उकळतो, तर प्रयोगशाळेत अर्क बहुधा मेथनॉलमध्ये काढला जातो. दोन्हींत उतरणारी द्रव्ये वेगवेगळी असल्याने मेथनॉलच्या अर्कावरील निष्कर्ष काढ्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

जिवाणूविरोधी चाचणीची एक सोपी पद्धत दक्षिण आफ्रिकेतील याकोबस एलॉफ यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्क टप्प्याटप्प्याने पातळ करत नेतात, त्यात जिवाणू सोडतात आणि शेवटी एक रंगद्रव्य घालतात. जेथे जिवाणू जिवंत असतात तेथे लाल रंग येतो. पद्धत स्वस्त आहे, अर्कही थोडा लागतो. तिचा गैरवापरही तितकाच सोपा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कच्चा अर्क साधारणपणे प्रति मिलिलिटर शंभर मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी तीव्रतेला वाढ रोखत असेल तर त्याची दखल घेण्यासारखी असते. कित्येक शोधनिबंधांत मात्र त्याच्या दसपट-वीसपट तीव्रतेवर मिळालेला परिणामही ‘लक्षणीय’ म्हणून छापला जातो. शिवाय टॅनिन्स ही वनस्पतींतील तुरट द्रव्ये प्रथिनांना चिकटून अनेक चाचण्यांत खोटा सकारात्मक निकाल देतात. ही खोट ओळखण्यासाठी एचपीएलसी (अर्कातील घटक वेगळे करणारे यंत्र) आणि मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचे वस्तुमान मोजणारे यंत्र) यांचे आलेख वाचता आले पाहिजेत, आणि विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात नेमके हेच शिकवले जाते.

परंपरेने वापरले जाते म्हणून ते निर्धोक असते, हेही गृहीत धरू नये. दक्षिण आफ्रिकेतील झुलू लोकांच्या वैद्यकात ‘इम्पिला’ या नावाने वापरल्या जाणाऱ्या कॅलिलेपिस लॉरिओला या वनस्पतीच्या मुळात अ‍ॅट्रॅक्टिलोसाइड हे विष असते. त्यामुळे यकृत व मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. याउलट, आपल्या अंगणातली सदाफुली मूळची मादागास्करची. जमैकात मधुमेहावर तिच्या पानांचा चहा घेत, म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तिची तपासणी केली. साखरेवर अपेक्षित परिणाम दिसला नाही, परंतु उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या, आणि त्या धाग्यावरून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध पुढे आले. संशोधकांनी तो ‘अपयशी’ निकाल नीट पाहिला म्हणून हे घडले.

ज्ञान कोणाचे, हा प्रश्नही अभ्यासक्रमाचाच भाग समजा. भूक मारणाऱ्या हुडिया वनस्पतीवर दक्षिण आफ्रिकेच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने (आपल्याकडील संस्थेचे नाव तेच, संस्था वेगळी) पेटंट घेतले, तेव्हा ते ज्ञान ज्यांचे, त्या दक्षिण आफ्रिकेतील सान या आदिवासी लोकांना विचारलेही नव्हते. लाभवाटपाचा करार २००३ मध्ये झाला. २०१४ पासून नागोया करार (जैविक संपत्तीच्या वापराचा लाभ वाटून घेण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) लागू असल्याने कोणत्याही देशातून नमुने आणताना त्या देशाची पूर्वपरवानगी हा विषय टाळता येत नाही.

आता बाबांच्या शंकेविषयी. केवळ आफ्रिकी वनस्पतींवर काम देणाऱ्या जागा भारतात मोजक्याच आहेत, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु जी कौशल्ये तेथे लागतात, म्हणजे अर्काचे प्रमाणीकरण, शिसे व पारा यांसारख्या जड धातूंची आणि कीटकनाशकांच्या अवशेषांची तपासणी, तीच आयुर्वेदिक औषध-उत्पादकांच्या आणि वनस्पती-अर्क निर्यात करणाऱ्यांच्या गुणवत्ता विभागात रोज वापरली जातात. एम.एस्सी.नंतर ही नोकरी मिळू शकते. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. संशोधनच करायचे असेल तर पीएच.डी.ला पर्याय नाही आणि त्यासाठी अधिछात्रवृत्ती हवी असेल तर सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागेल. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. एम.फार्म.चा विचार मनात आला असेल तर त्यासाठी बी.फार्म. लागते, त्यामुळे तो रस्ता तुम्हाला थेट खुला नाही.

पुण्याची आघारकर संशोधन संस्था, लखनऊची सीमॅप (औषधी व सुगंधी वनस्पतींची केंद्रीय संस्था) आणि बेळगावची राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था यांच्या संकेतस्थळांवर प्रकल्प-प्रशिक्षणाच्या सूचना पाहत राहा. अर्ज करताना, ‘औषधी वनस्पतींची आवड आहे’ असे लिहिण्यापेक्षा एखाद्या वनस्पतीचा पाण्यातील आणि मेथनॉलमधील अर्क टीएलसीवर (घटक वेगळे करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) शेजारी शेजारी चालवून काय फरक दिसला, हे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करून पाहून एक पानभर लिहा. सुरुवातीला सदाफुली चालेल; फक्त ती विषारी असल्याने हातमोजे वापरा आणि अर्क चाखून पाहू नका.